आईला कोरोना, मग बाळाचं काय?

हैदराबाद : नांदेड, देगलूर, आदिलाबादकडची कितीतरी कुटुंबं मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठतात. २०२० मध्ये तेलंगणात कोरोनाचं मुख्य रुग्णालय होतं ते इथलं गांधी हॉस्पिटल. कोरोना झालेल्या गरोदर बायकांची बाळंतपणंही तिथे झाली. घरच्यांना एकच धास्ती असायची, बाळालाही लागण होणार का?

बहुतेक बाळांना ती होत नाही. पोटातल्या बाळाला वारेतून संसर्ग होऊ शकतो, पण क्वचितच. पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० मध्ये अशी एक मुलगी जन्मली. तिच्या नाकातला स्वॅब, नाळ आणि वार, तिन्हींत विषाणू सापडला. ती गंभीर झाली, पण उपचारांनी बरी होऊन घरी गेली.

खरा धोका वेगळाच आहे. आई जास्त आजारी पडली, तर दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याची शक्यता वाढते. अशा बाळाची फुप्फुसं कच्ची राहतात, वजन कमी भरतं. म्हणून गरोदरपणात ताप, खोकला किंवा धाप अंगावर काढू नका.

अंगावरचं दूधही तोडू नका. आईने मास्क लावून, साबणाने हात धुऊन बाळाला पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जुलै २०२१ पासून आपल्याकडे गरोदर महिलांनाही लस मिळू लागली. लसीने आईच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात.

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा श्वास भरभर चालत असेल, तर वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.