चित्रांतील जनावर व कागदांतील जनावर

जर्मनींतील प्रख्यात चित्रकार ड्यूरर यानें १५१५ सालीं गेंड्याचें चित्र काढिलें. तें जनावर त्यानें स्वतः पाहिलें नव्हतें; लिस्बनहून आलेलें वर्णन व एक कच्चें रेखाटन यांवरच त्यानें काम भागविलें. परिणाम असा झाला कीं, गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढले व पाठीवर एक नसतें शिंग उगवलें! पुढें १७९० सालीं पुण्यास पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा गंगाराम चिंतामण तांबट या आपल्याच चितार्‍यानें समोर पाहून उतरविला. इंग्रज वकील म्यालेट याच्याकडे तो काम करीत असे. त्याचीं पुष्कळ चित्रें आज अमेरिकेंत येल येथील संग्रहांत आहेत.

त्याच काळीं जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार पुण्याच्या दरबारीं होता. आमची जोगेश्वरी ज्या साष्टी बेटांत आहे, त्याच बेटांत, ठाण्यास, तो १७९५ सालीं वारला. त्याचा मदतनीस मॅबन यानें इकडील लोकांच्या रहाटीचीं रेखाटनें १७९७ सालीं कलकत्त्यास छापविलीं.

पाहून काढणें व ऐकून लिहिणें यांतील अंतर आम्हांस चित्रांवरून नव्हे, कारकुनींत असतां कळलें. बाजारांतील एका बैलाच्या तंट्यांत जबाब आम्हीच उतरून घेतले. "पांढरा खिलार, सहादाती, शिंगें उभीं" एवढेंच वर्णन लिहिलें. दोन्ही वादींच्या पावत्यांतही तेंच होतें. उभीं शिंगें कोणत्या खिलाराचीं नसतात? बैल भलत्याच्याच दावणीस गेला. मूळ विकणारा भेटून खरें उघड झालें तोंवर खर्‍या धन्याची पेर हुकली होती. उजव्या शिंगाचें टोंक आंत झुकलेलें होतें, खांद्यावर जुवाचा घट्टा एका बाजूस अधिक होता; हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें होतें, पण लिहिलें नाहीं. तो शेतकरी पुढें आम्हांस रस्त्यांत भेटे, तेव्हां रामराम करी. आम्हांस मात्र वर पाहवत नसे.

अकोले-इगतपुरीकडील डांगी जनावराचें काम सोपें. त्याच्या अंगावरील काळ्यापांढर्‍या ठिपक्यांची मांडणी दुसर्‍यांत तशीच सांपडत नाहीं. एकरंगी खिलाराचे बाबतींत मात्र शिंगांचा बांक, वशिंड, गळ्याची पोळी, खूर, शेपटीचा गोंडा हें सर्व टिपावें लागतें. नाकाच्या ओल्या कातडीवरील रेषाही प्रत्येक जनावराच्या निराळ्या असतात. आतां कानांत बारा आंकडी बिल्ला मारतात, तो चांगलाच. परंतु कान फाटला कीं बिल्ला गेला. म्हणून शाळकरी मुलाकडून वहींत आकृति काढवावी, अथवा छायाचित्र घ्यावें. तें डाव्या व उजव्या अशा दोन्ही अंगांनीं, चारही खूर जमिनीवर दिसतील असें असावें, व खरेदीच्या पावतीसच जोडून ठेवावें.