मुदखेडात बसून इटालियन

मुदखेड जंक्शनवर आदिलाबादची गाडी लागली की फलाटावर मराठी, तेलुगू, दखनी उर्दू सगळंच कानावर पडतं. इथल्या पोराला इटालियन शिकायची हौस आली, तर क्लासवाचून काही अडत नाही.

याच रुळांच्या त्या टोकाचं उदाहरण घ्या. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (जन्म १९१०) हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी होते. आदिलाबाद भागात काम करताना ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि दोन्हींची व्याकरणंही लिहिली. दुभाष्यावर सहज भागलं असतं! उर्दू, फारसी, बंगाली, तेलुगू, कन्नडही त्यांना येत. १९९२ साली पद्मभूषण मिळालं.

त्या मानाने इटालियन सोपी.

वर्णमालेत अक्षरं २१, आणि बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचायचे. इंग्रजीच्या सवयीने जीभ ‘ट’, ‘ड’कडे वळते, तिथे आपले ‘त’, ‘द’ वापरायचे: ‘तुत्तो’, ‘दोमानी’. जोडाक्षरावर नीट थांबायचं. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा.

खरी कसोटी क्रियापदांची. शेवटावरून त्यांचे आरे, एरे, इरे असे तीन गट पडतात, आणि कर्त्यानुसार रूपं बदलतात. ती मराठीसारखीच मोठ्याने घोकावी लागतात. मोबाइलवरचे खेळ तिथे तोकडे पडतात. रोज अर्धा तास, त्यातला निम्मा नुसता ऐकण्यात घालवावा. इटलीच्या सरकारी ‘राई’चा रेडिओ इंटरनेटवर फुकट आहे.

परीक्षा द्यायचीच असेल, तर सिएना आणि पेरुजा इथल्या विद्यापीठांची प्रमाणपत्रं मान्य आहेत.

कुठे अडलं तर खाली बिनधास्त विचारा.