म्हातारपण हा आजार नव्हे

चौसाळ्याच्या शिवारात रात्री गोठा आणि खळे राखतो तो कुत्रा. दहाव्या-अकराव्या वर्षी तो मागचे पाय ओढू लागला, की घरचे म्हणतात, "म्हातारा झाला, आता काय!" पशुवैद्य म्हणून मला सांगायचे आहे ते हे, की पाय वयाने लुळे पडत नाहीत. कारण शोधावे लागते.

दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. वयाबरोबर ती निबर होते आणि मज्जारज्जूवर दाब देते. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत ती एकाएकी फुटते. मोठ्या कुत्र्यांत हळूहळू फुगते. आधी नखे घासतात, चाल डुलते, पंजा उलटा पडतो. पुढे लघवी अडते.

मात्र लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर प्रथम रेबीजची शंका घ्या. तोंडात हात घालू नका.

डॉक्टर पायाचे बोट चिमट्याने दाबतात. नुसता पाय आखडला तर ती जाणीव नव्हे. कुत्रा ओरडला किंवा वळून पाहिले, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली. गादी फुटलेल्या कुत्र्यात ही जाणीव शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री चालू लागतात. गेली असेल तर साधारण निम्मीच. म्हणून वाट पाहू नये.

साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. सीटी किंवा एमआरआय लागतो. मग भूल देऊन मणक्याच्या हाडाला खिडकी पाडतात आणि गादीचा तुकडा काढतात. वयापेक्षा हृदय आणि मूत्रपिंड कसे आहेत, हे महत्त्वाचे. हळू फुगलेल्या गादीत यशाची खात्री कमी. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूच झिजण्याचा, न दुखणारा आजार आढळतो. तिथे शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

आपल्याकडे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून, मुंबईचे १८८६ पासून आहे. निघण्यापूर्वी सोयीची आणि खर्चाची चौकशी करा. कुत्र्याला फळीवर निजवून न्या. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो.

शस्त्रक्रियेनंतरही कित्येक आठवडे कूस बदलणे, लघवी काढणे, पायांना व्यायाम देणे घरच्यांनाच करावे लागते. ते जमणार नसेल, तर डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगा. दुखणे हलके असेल, तर बंदिस्त जागेत चार-सहा आठवड्यांची विश्रांतीही पुष्कळदा पुरते. पण तपासणीआधी आशा सोडू नका.