आजार खानदानी आहे का?

जिंतूरमधल्या एका ओळखीच्या घरात गेल्या वर्षी मुलीच्या रिश्त्याची बोलणी जवळजवळ ठरली होती. मुलाकडच्या बायकांनी सहज विचारावे तसे विचारले, "मुलीच्या अम्मीचा इंतकाल कॅन्सरने झाला म्हणे. हा आजार खानदानी तर नाही ना?" मुलीच्या मामूंनी घाईघाईत सांगून टाकले, "कॅन्सर कुठला, अल्सर होता." पाहुणे गेले. मुलगी मात्र रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी अम्मीची फाईल घेऊन ती माझ्याकडे आली. "रिपोर्टमध्ये पी 53 असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, ते जीन असतं आणि ते बिघडलेलं होतं. मग माझ्यातही ते बिघडलेलंच असणार ना?"

नाव आणि मोहल्ला सांगत नाही. असे घर आपल्याकडे एकच नाही. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण 25 सेंटीमीटरची नळी. घास, चहा, थुंकी, सगळे तिच्यातून जाते. तिचे आतले अस्तर सतत झिजते आणि त्याजागी नव्या पेशी तयार होतात. नवी पेशी बनताना जुन्या पेशीतल्या सगळ्या जनुकांची नक्कल उतरवली जाते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. या चुकांवर नजर ठेवणारी काही जनुके आपल्या प्रत्येक पेशीत असतात. त्यांना ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारी जनुके म्हणतात. टीपी 53 हे त्यांतले सर्वांत महत्त्वाचे. पी 53 हे प्रथिन त्याच्याच सांगण्यावरून बनते. पेशीत मोडतोड दिसली की पी 53 तिची वाढ थांबवते आणि दुरुस्तीला वेळ देते. दुरुस्ती जमली नाही तर त्या पेशीला मरायला लावते. पी 16 नावाचा असाच आणखी एक ब्रेक आहे.

गंमत अशी की पी 53 सापडले 1979 साली, आणि पुढची दहा वर्षे शास्त्रज्ञ त्यालाच गुन्हेगार समजत होते. गाठींमध्ये ते भरपूर दिसे, म्हणून तेच कॅन्सर घडवते असा समज झाला. ते बिघडलेले पी 53 होते आणि धडधाकट पी 53 उलट गाठ रोखते, हे 1989 च्या सुमारास उलगडले.

अशा प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी बहुतेक वेळा काम निभावून नेते. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1971 साली लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा हिशोब मांडून हे दाखवले. टीपी 53 ची बिघडलेली प्रत मात्र कधीकधी चांगल्या प्रतीच्या कामातही खोडा घालते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या भागात अन्ननलिकेचा जो कॅन्सर जास्त दिसतो, त्याच्या दहापैकी नऊ गाठींत टीपी 53 बिघडलेले असते. 2017 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसले. पण हा बिघाड जवळपास नेहमीच जन्मानंतरचा असतो. तो त्या माणसाच्या अन्ननलिकेत, वर्षानुवर्षे, थोडाथोडा घडलेला असतो. अंड्यातून किंवा वीर्यातून तो मुलांकडे जात नाही. अम्मीच्या गाठीत टीपी 53 मोडलेले होते, एवढ्यावरून मुलीचे टीपी 53 मोडलेले ठरत नाही.

अपवाद आहेत, पण फार थोडे. टीपी 53 ची बिघडलेली प्रत जन्मतःच मिळालेली घराणी असतात. तिथे तरुण वयातच, कधी लहानपणीच, स्तन, मेंदू, हाडे यांचे कॅन्सर एकामागून एक दिसतात. दुसरा एक दुर्मिळ आजार आहे, टायलोसिस. त्यात तळहात-तळपायाची कातडी पिढ्यान्‌पिढ्या जाड होते आणि अन्ननलिकेचा कॅन्सरही होतो. (शेतात राबून पडलेले घट्टे वेगळे. तेवढ्याने घाबरू नये.) या घरात असले काहीच नव्हते.

मग त्या घरात काय होते? मिसरीचा डबा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, सकाळी उठल्यावर आणि दुपारच्या जेवणानंतर बोटाने दातांना लावायची. अम्मी लावत, त्यांच्या सासूबाई लावत, बोरीच्या खाला अजून लावतात. बायकांना वाटते ही दात घासायची पूड, हे काही व्यसन नव्हे. पण मिसरी लावल्यावर सगळीच थुंकी बाहेर टाकली जात नाही, बरीच गिळली जाते. तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये पेशीतल्या जनुकांना चिकटून तिथे चुका घडवतात. चघळायच्या तंबाखूने आणि सुपारीच्या विड्याने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, असा निकाल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कधीच दिला आहे. विड्यात तंबाखू नसली तरी. बिडी-सिगारेट आणि दारू त्याच यादीत. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पुड्या मात्र मिळतातच. रमजानमध्ये तेरा-चौदा तास तंबाखूवाचून काढणारे आपले भाईजान मगरीब होताच खजुरामागोमाग पुडी फाडतात, तेव्हा मला नेहमी वाटते की जे दिवसभर जमले ते रात्रीही जमले असते.

जपानी शास्त्रज्ञांनी 2019 साली निरोगी माणसांच्या अन्ननलिका तपासल्या. वय वाढते तसे बदललेल्या जनुकांच्या पेशी अस्तरात पसरत जातात, आणि सिगारेट-दारू जास्त असेल तर हे फार झपाट्याने होते, असे त्यांना दिसले. गाठ नंतर येते. पहारा त्याच्या बराच आधीपासून ढिला पडत असतो.

मोडलेले पी 53 परत जाग्यावर बसवता येते का, हेही मुलीने विचारले. चीनने 2003 साली तशा एका इंजेक्शनला डोके-मानेच्या कॅन्सरसाठी परवानगी दिली, पण अमेरिका-युरोपने ते स्वीकारले नाही. आपल्याकडे उपचार म्हणजे ऑपरेशन, किमो आणि शेक. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. पण लवकर पोहोचले तरच त्यांचा पुरता उपयोग. अम्मीला आधी भाकरी अडकू लागली. त्या ती वरणात कुस्करून खाऊ लागल्या. मग भात अडकला, मग दूधही. मधले पाच महिने घरात ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. घास अडकतोय, वजन उतरतेय, असे दोन-तीन आठवडे चालले तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून घ्यायला हवी. ती काही मिनिटांत होते.

मुलीने मामूंना न विचारता मुलाकडच्यांना फोन केला आणि कॅन्सरच होता हे सांगितले. फाईलही दाखवते म्हणाली. उत्तर यायचे आहे. बोरीच्या खालांनी मिसरी सोडलेली नाही, पण गेल्या महिन्यापासून त्यांनाही भाकरी अडकते हे त्यांनी भाचीला पहिल्यांदा सांगितले. सोमवारी दोघी परभणीला तपासणीला जाणार आहेत.