रोगकारक घटक, सूक्ष्मजंतूंचे
सूक्ष्मजंतूंच्या ज्या रचना, स्राव वा क्रिया त्यांना आश्रयी प्राण्याच्या शरीरात टिकून राहण्यास व ऊतकांना इजा करण्यास साहाय्यभूत होतात, त्यांना रोगकारक घटक म्हणतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारातील फुप्फुस-संसर्गात त्यांचा विशेष अभ्यास झाला आहे.

या विकाराचा जीन सातव्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९८९ मध्ये लागला. त्यातील दोषामुळे पेशींतून होणारी क्लोराइडाची ने-आण बिघडते. घाम अतिखारट होतो व श्वासनलिकांतील श्लेष्मा घट्ट होऊन साचतो. भारतात हा विकार फार विरळ मानला जात असे, त्यामुळे निदानास विलंब होतो. साचलेल्या श्लेष्म्यात स्यूडोमोनस एरुजिनोझा हा माती व पाणी यांत आढळणारा सूक्ष्मजंतू अनेक वर्षे ठाण मांडतो. कार्ल गेसार यांनी तो १८८२ मध्ये निळसर हिरव्या पुवाने माखलेल्या पट्ट्यांतून वेगळा केला.

त्याचे बहिर्विष ए पेशीतील प्रथिननिर्मिती थांबविते. इलॅस्टेज हे एंझाइम फुप्फुसातील लवचिक तंतूंचे विघटन करते. पायोसायनीन हे निळे रंगद्रव्य पेशींना अपायकारक असते. अल्जिनेटाचे बुळबुळीत आवरण सूक्ष्मजंतूंना संरक्षण देते, तर सिडेरोफोर ही संयुगे शरीरातील लोह हस्तगत करतात.

घटक निश्चित करण्यासाठी थुंकीतील सूक्ष्मजंतूंचे संवर्धन करून संशयित जीन निकामी करतात. त्यामुळे रोगकारकता घटली आणि तो जीन पुन्हा घातल्यावर ती पूर्ववत झाली, तर पुरावा सबळ ठरतो. ही कसोटी स्टॅन्ली फॉल्को यांनी १९८८ मध्ये मांडली. या सूक्ष्मजंतूच्या एका वाणाचा सुमारे ५,५०० जीनांचा संच २००० मध्ये प्रसिद्ध झाल्याने हे काम सुकर झाले.

तथापि प्रयोगशाळेत आढळलेला घटक रुग्णाच्या फुप्फुसात सदैव कार्यरत असतोच असे नाही. एकाच बालरुग्णाकडून सुमारे साडेसात वर्षांच्या अंतराने मिळालेल्या नमुन्यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र संसर्गास आवश्यक असे अनेक घटक दीर्घकालीन संसर्गात लोप पावतात, असे तीवरून दिसून आले. म्हणून एकाच रुग्णाचे नमुने वेळोवेळी तपासणे अगत्याचे ठरते.

घटकाचा परिणाम परिस्थितीवरही अवलंबून असतो. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर, यावल व रावेर हा परिसर केळीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. चुनखडीयुक्त जमिनीत पिकांना लोह सहजी मिळत नाही. अशा मातीत स्यूडोमोनस प्रजातीतील निरुपद्रवी जातींचे सिडेरोफोर लोह बांधून ठेवतात व रोगकारक कवकांची वाढ रोखतात; म्हणून पीकसंरक्षणासाठी या जातींचा वापर करतात. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात सिडेरोफोरांवर संशोधन झाले असून तेथील सुधीर चिंचोलकर यांनी अजित वर्मा यांच्यासह या विषयावरील ग्रंथ संपादित केला (२००७). मातीत उपकारक ठरणारी ही लोहग्रहणाची क्षमताच फुप्फुसात घातक ठरते.

सूक्ष्मजंतूंना न मारता त्यांचे असे घटक निष्प्रभ करणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. तथापि या संसर्गावरील उपचारांत मुख्य भिस्त प्रतिजैव औषधांवरच आहे.