व्यक्तिमत्त्व आणि जीवनगुणवत्ता : स्तनाच्या कर्करोगाला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रिया

१. प्रस्तावना

स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला घरच्यांकडून बहुधा दोन वाक्ये ऐकावी लागतात. पहिले, "सगळं मनात दाबून ठेवतेस, म्हणून हे झालं." दुसरे, "आता खंबीर राहा, म्हणजे लवकर बरी होशील." दोन्ही वाक्ये मायेपोटी येतात, पण दोन्हींत एकेक मानसशास्त्रीय दावा आहे. स्वभावामुळे कर्करोग होतो, हा पहिला दावा. स्वभावामुळे तो बरा होतो, हा दुसरा. या पाठात आपण हे दोन्ही दावे संशोधनाच्या आधारे तपासणार आहोत. त्यानंतर एका तिसऱ्या प्रश्नाकडे वळू : आजार आणि उपचार चालू असताना स्त्रीचे रोजचे जगणे कसे जाते, यात तिच्या व्यक्तिमत्त्वाचा वाटा कोणता?

हा प्रश्न थोड्या स्त्रियांचा नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार सुधारल्यामुळे यांतील अनेक जणी निदानानंतर कित्येक वर्षे जगतात. म्हणूनच "किती जगली?" या प्रश्नाबरोबर "कशी जगली?" हेही विचारावे लागते.

२. चेन्नईचा संदर्भ

या विषयासाठी चेन्नईचे उदाहरण उपयुक्त आहे. अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट ही संस्था १९५४ साली अवघ्या १२ खाटांवर सुरू झाली. तिच्यामागे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि विमेन्स इंडियन असोसिएशन ही स्त्रियांची संघटना होती. मुथुलक्ष्मींची धाकटी बहीण कर्करोगाने गेली होती. १९५५ मध्ये रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता २०२१ मधील निधनापर्यंत याच संस्थेत राहिल्या.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई, बंगळुरू आणि मद्रास येथील लोकसंख्याधारित नोंदण्या घेऊन राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू झाला. मद्रासची नोंदणी अड्यारच्या संस्थेतच होती. पूर्वी या शहरातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर असे. आता ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली आहे. या संस्थेत मनो-कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. कर्करोगाचा रुग्णाच्या मनावर, वर्तनावर आणि नातेसंबंधांवर होणारा परिणाम अभ्यासणारी शाखा म्हणजे मनो-कर्करोगशास्त्र.

३. जीवनगुणवत्ता कशी मोजतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा : आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो, तिच्या संदर्भात आणि आपल्या ध्येय-अपेक्षांच्या तुलनेत, स्वतःच्या जीवनातील स्थानाविषयी व्यक्तीला जे वाटते ती तिची जीवनगुणवत्ता. म्हणजे ती डॉक्टरांनी किंवा नवऱ्याने ठरवायची नसते. स्त्रीनेच सांगायची असते.

या संघटनेची प्रश्नावली तयार करताना जगभरातून जी केंद्रे निवडली गेली, त्यांत भारतातील दिल्ली आणि मद्रास ही दोन होती. या प्रश्नावलीच्या संक्षिप्त आवृत्तीत २६ प्रश्न असून शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसरविषयक अशी चार क्षेत्रे आहेत. पैसा, घर, प्रवासाची सोय आणि आरोग्यसेवेची उपलब्धता हे प्रश्न चौथ्या क्षेत्रात येतात.

कर्करोगासाठी खास प्रश्नावल्याही आहेत. युरोपीय संघटनेच्या मूळ प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत आणि तिला जोडून स्तनाच्या कर्करोगासाठी २३ प्रश्नांचा भाग आहे. त्यात शरीरप्रतिमा, हाताची सूज व दुखणे, केस गळण्याचा त्रास, लैंगिक जीवन आणि भविष्याविषयीची चिंता यांचा समावेश होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात याच प्रश्नावलीची मराठी आणि हिंदी रूपे भारतीय स्त्रियांवर तपासली गेली. अड्यारच्या संस्थेने तर भारतीय रुग्णांसाठी स्वतःची प्रश्नावली बनवली. या दोन्ही कामांचे अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाले.

अशा स्थानिक कामाची गरज का भासते? "केस गळल्याचा त्रास झाला का?" हा प्रश्न सगळीकडे सारखाच छापला जातो. पण ज्या शहरात वेणीत मोगरा माळणे हा बाईच्या रोजच्या आवरण्याचा भाग आहे, तिथे केस जाणे म्हणजे केवळ रूप जाणे नव्हे. देवळात, लग्नात, शेजारणींत वावरणेही त्यामुळे अवघड होते. हाताला सूज आली की पाण्याची घागर उचलता येत नाही, आणि घरातल्या कामांची वाटणीच बदलते. लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न अनेक जणी कोरे सोडतात. त्या कोऱ्या जागेचा अर्थ "त्रास नाही" असा लावता येत नाही.

४. व्यक्तिमत्त्वाचे कोणते गुण पाहतात?

पंचघटक सिद्धान्तातील भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, अनुभवांविषयीचा खुलेपणा, सौजन्य आणि कर्तव्यदक्षता हे गुण आपण व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणात शिकलो आहोत. या अभ्यासांत त्यांच्या जोडीला आणखी दोन गुण पुष्कळदा मोजले जातात. एक म्हणजे आशावाद, अर्थात भविष्यात चांगले घडेल अशी सर्वसाधारण अपेक्षा. दुसरा म्हणजे चिंताप्रवृत्ती. स्पीलबर्गर यांच्या ४० विधानांच्या मापनीत २० विधाने "आत्ता कसे वाटते" यासाठी आणि २० "एरवी कसे वाटते" यासाठी आहेत. परिस्थितीमुळे निर्माण होणारी चिंता आणि स्वभावातील चिंता यांतला हा भेद पुढे महत्त्वाचा ठरेल.

५. पहिला दावा : स्वभावामुळे कर्करोग होतो

हा समज फार जुना आहे. उदास प्रकृतीच्या स्त्रियांना कर्करोग अधिक होतो, असे ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या नावाने सांगितले जाते. विसाव्या शतकात राग गिळणाऱ्या, सतत इतरांना सांभाळून घेणाऱ्या स्वभावाला "सी प्रकारचे व्यक्तिमत्त्व" असे नाव मिळाले आणि त्याचा कर्करोगाशी संबंध जोडला गेला.

पण सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत स्त्रियांची चाचणी गाठ आढळल्यानंतर घेतलेली होती. अशा वेळी स्वभावामुळे आजार झाला, की आजाराच्या धास्तीमुळे स्वभाव तसा दिसला, हे वेगळे करता येत नाही. यावर उपाय म्हणजे निरोगी माणसांचे व्यक्तिमत्त्व आधी मोजायचे आणि मग काही वर्षे त्यांचा पाठपुरावा करायचा. जपानमधील मियागी प्रांतात सुमारे ३० हजार लोकांवर असा अभ्यास झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत व्यक्तिमत्त्व आणि पुढे कर्करोग होणे यांत संबंध आढळला नाही.

उलट बाजूने, व्यक्तिमत्त्वाचा कर्करोगाशी प्रचंड संबंध दाखवणारे हान्स आयसेंक यांचे लेखन एकेकाळी गाजले होते. २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीने त्यांचे २६ शोधनिबंध भरवशाचे नसल्याचे म्हटले. म्हणून "मनात ठेवलंस म्हणून झालं" या वाक्याला आज शास्त्रीय आधार नाही.

६. दुसरा दावा : खंबीर राहिले की आयुष्य वाढते

१९७९ मध्ये ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी लंडनमधील एका छोट्या अभ्यासातून असे मांडले, की "लढाऊ वृत्ती" दाखवणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगतात. ही कल्पना लोकप्रिय झाली. पुढे १९९९ मध्ये वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ५७८ स्त्रियांचा पाच वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा लढाऊ वृत्तीचा जगण्याच्या कालावधीवर फायदा दिसला नाही. तीव्र असहायता आणि निराशा यांचा मात्र प्रतिकूल परिणामाशी काही संबंध दिसला.

गट-उपचारांचेही तसेच. १९८९ मध्ये स्पीगल यांच्या ८६ स्त्रियांवरील अभ्यासात आधारगटातील स्त्रिया अधिक जगल्या. २००१ मध्ये २३५ स्त्रियांवरील मोठ्या प्रयोगात आयुष्य वाढलेले दिसले नाही. पण त्याच प्रयोगात गटातील स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. मानसिक आधार देण्यासाठी हे कारण पुरेसे आहे.

७. मग व्यक्तिमत्त्वाचा संबंध कुठे येतो?

तो जीवनगुणवत्तेत येतो. चिंताप्रवृत्ती किंवा भावनिक अस्थिरता अधिक असलेल्या स्त्रिया थकवा, झोप, मनःस्थिती आणि शरीरप्रतिमा यांविषयी सरासरीने अधिक त्रास नोंदवतात. आशावादी स्त्रियांमध्ये तो कमी आढळतो. हे घडते कसे? १९९३ मध्ये कार्व्हर आणि सहकाऱ्यांनी ५९ स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वीपासून वर्षभर पुन्हा पुन्हा भेटून हे तपासले. आशावादी स्त्रिया वस्तुस्थिती स्वीकारत आणि विनोदाचा आधार घेत. नाकारणे आणि हात टेकणे त्यांच्यात कमी होते. म्हणजे आजाराला तोंड देण्याची रीत ही व्यक्तिमत्त्व आणि त्रास यांमधली मध्यस्थ चल आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, अंबत्तूरच्या दोन शेजारणींना एकाच टप्प्याचा कर्करोग आहे आणि उपचारही एकच आहेत. पहिली चिंताळू स्वभावाची आहे. हात जड वाटला की तिला वाटते, आजार परत आला. मग ती रात्रभर जागते, हात हलवायला घाबरते आणि सूज वाढते. दुसरी पहिल्याच दिवशी परिचारिकेला विचारते, "हे कशाने होतं? कोणता व्यायाम करू?" आजार तोच असला, तरी सहा महिन्यांनी दोघींचे गुण वेगळे दिसतील. मात्र दुसरीला विलुपुरमहून रोज बसने किरणोपचाराला यावे लागत असेल आणि मजुरी बुडत असेल, तर तिचा स्वभाव तिला कुठवर पुरणार? परिसर, पैसा आणि घरचा आधार यांना बाजूला ठेवून व्यक्तिमत्त्वाचा अर्थ लावता येत नाही.

८. संशोधन वाचताना घ्यायची काळजी

(अ) एकाच वेळी दोन प्रश्नावल्या भरून घेतलेल्या अभ्यासातून सहसंबंध कळतो, कारण कळत नाही. केमोथेरपीच्या मधल्या आठवड्यात "मला लवकर धास्ती वाटते" या विधानाला दिलेले उत्तर स्वभावाचे आहे की त्या आठवड्याचे?

(आ) भावनिक अस्थिरतेच्या मापनीतील आणि जीवनगुणवत्तेच्या मानसिक भागातील विधाने पुष्कळदा सारखी असतात. त्यामुळे सहसंबंध फुगलेला दिसतो.

(इ) परदेशी मापनीतील "दैववाद" ही रीत सहसा घातक मानली जाते. पण आपल्याकडे "देवाची मर्जी" म्हणणारी बाई केमोथेरपीची एकही पाळी न चुकवणारी असू शकते. दैवावर विश्वास आणि प्रयत्न सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(ई) सरासरीचा निष्कर्ष एका व्यक्तीला लावू नये.

९. उपयोजन

व्यक्तिमत्त्व मोजायचे ते दोष काढण्यासाठी नव्हे, कोणाला कोणता आधार लागेल हे ओळखण्यासाठी. चिंताप्रवृत्ती अधिक असलेल्या स्त्रीला उपचारांच्या सुरुवातीपासून समुपदेशन, स्पष्ट माहिती आणि तपासणीच्या तारखेआधी एखादा फोन उपयोगी पडू शकतो. अबोल स्त्रीला गटापेक्षा एकटीशी बोलणे सोयीचे वाटेल. स्वभाव बदलणे अवघड असते. तोंड देण्याची रीत मात्र शिकता येते. आणि रडू येणाऱ्या स्त्रीला रडू द्यावे. सतत हसरे राहण्याची सक्ती हाही एक भारच आहे, कारण आजार परतला तर तो आपल्याच दुबळेपणामुळे परतला असे तिला वाटू लागते.

१०. सारांश

व्यक्तिमत्त्वामुळे स्तनाचा कर्करोग होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि लढाऊ वृत्तीमुळे आयुष्य वाढते हेही सिद्ध झालेले नाही. आजारासह जगणे किती सुसह्य होते, यावर मात्र व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव पडतो. तो मुख्यतः तोंड देण्याच्या रीतीमार्फत पडतो आणि परिस्थितीच्या चौकटीतच पडतो.

स्वाध्याय

१. जीवनगुणवत्ता रुग्णानेच का सांगायची असते, ते व्याख्येच्या आधारे स्पष्ट करा.
२. निदानानंतर घेतलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या मर्यादा लिहा.
३. आशावाद, तोंड देण्याची रीत आणि मानसिक त्रास यांतील संबंध आकृतीने दाखवा.
४. "खंबीर राहा, म्हणजे बरी होशील" असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला तुम्ही काय समजावून सांगाल? दहा ओळींत लिहा.