दुसरा सबवूफर कशाला?

एका सबवूफरने खिडकीच्या काचा थरथरतात, मग दुसरा कशाला, असं विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. होम थिएटर म्हटलं की आपल्याला आधी दणका आठवतो. दुकानदारही डेमोला स्फोटाचाच प्रसंग लावतो. पण दुसऱ्या सबचं खरं काम दणका वाढवणं हे नव्हेच. सोफ्यावरच्या तिघांनाही सारखाच बेस ऐकू यावा, यासाठी तो असतो.

नेहमीच्या फ्लॅटमधला हॉल घेऊ. १६ फूट लांब, ११ फूट रुंद. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ५१ हर्ट्झच्या लहरीची लांबी भरते सुमारे २२ फूट. हॉलच्या रुंदीच्या बरोबर दुप्पट. अशी लहर समोरासमोरच्या दोन भिंतींत सापडली की जागच्या जागी डोलत राहते. भिंतीलगत दाब सर्वाधिक, मधोमध जवळजवळ शून्य. आता सोफा आपण कुठे ठेवतो? टीव्हीसमोर, रुंदीच्या मधोमध. सब एका कोपऱ्यात असेल, तर सोफ्याची मधली जागा, म्हणजे घरातली सगळ्यात मानाची, नेमकी या खड्ड्यात येते. बेस गिटारचा एखादा सूर मधल्याला पुसट, तर कडेच्याला नको इतका घुमणारा. त्यात खालच्या सुरांत चार-पाच डेसिबलचा फरकही कानाला मोठा वाटतो.

इक्वलायझरने हा खड्डा भरत नाही. तिथला आवाज चढवला की तो कडेच्यांच्या कानावर आदळतो, मधल्याच्या पदरात काही पडत नाही, आणि अँप्लिफायर मात्र फुकट तापतो. पडदे, गालिचे वरचे सूर शोषतील. ५० हर्ट्झला त्यांचा अडथळाच होत नाही. शिवाय परदेशी व्हिडिओंतले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अमेरिकेतली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची आणि जिप्सम बोर्डाची. त्या भिंती किंचित लवतात आणि थोडा बेस गिळतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती लवत नाहीत, म्हणून घुमणंही जास्त.

इथे दुसरा सब कामाला येतो. दोन्ही सब बाजूच्या भिंतींशी, बरोबर समोरासमोर ठेवायचे. झोपाळ्याला दोघांनी दोन बाजूंनी एकाच क्षणी सारखाच रेटा दिला, तर झोपाळा हलत नाही. तसंच ते आडवं डोलणं सुरूच होत नाही. हर्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात आयताकृती खोलीतल्या सबच्या कितीतरी मांडण्या तपासल्या होत्या. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब हे चार भिंतींवरच्या चार सबच्या जवळपास तोडीस तोड ठरले.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात एका भिंतीला बाल्कनीचं सरकतं दार आणि दुसरीकडे पॅसेज असतो. अशा वेळी टीव्ही युनिटच्या दोन्ही अंगांना, भिंतींपासून सारख्या अंतरावर सब ठेवावेत. आडवं डोलणं तेव्हाही थांबतं. लांबीच्या दिशेचं, सुमारे ३५ हर्ट्झचं घुमणं उरेल, पण ते तिघांनाही सारखंच असेल. आणि सगळ्यांना सारखा असलेला उंचवटा इक्वलायझरने बिनधास्त छाटता येतो. खड्डा भरत नाही, उंचवटा मात्र कापता येतो. माझ्या मते दुसऱ्या सबचे पैसे वसूल होतात ते इथेच.

दोन्ही सब एकाच मॉडेलचे घ्यावेत. बंद पेटीचा आणि पोर्टवाला यांची जोडी लावली, तर तळाच्या सुरांत दोघांची फेज जुळत नाही. एव्ही रिसीव्हरला मागे सबची दोन आउटपुट दिसतात, पण पुष्कळ मॉडेलांत आतून एकच सिग्नल फुटलेला असतो. दोघांचं अंतर वेगवेगळं भरता येतं का, ते मॅन्युअलमध्ये आधी बघा. सोफ्यापासून दोन्ही सब समान अंतरावर असतील, तर वाय-केबलनेही भागतं. मग मधल्या जागी बसून एका सबचं फेजचं बटण ० आणि १८० असं फिरवायचं, आणि बेस भरीव लागेल तिथे ठेवायचं. त्यानंतरच माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन. दोघांचा आवाज मिळून ६ डेसिबलपर्यंत वाढतो, म्हणून प्रत्येकाची पातळी खाली आणावी लागते. कमी ताणावर चाललेला सब स्वच्छही वाजतो.

ऐकणारे तुम्ही एकटेच असाल तर मात्र खर्च करू नका, आहे तोच सब हलवा. तो उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, एखादी बेसलाइन सतत वाजू द्या आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. घरातले हसतील, हसू द्यावं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती सबची जागा.

राहिला खालच्या मजल्यावरचा शेजारी. सबखाली रबरी पॅड घातले की फरशीतून जाणारी थरथर काहीशी कमी होते, हवेतून स्लॅबपार जाणारा बेस नाही. मोबाइलवरच्या मीटरचा आकडा दाखवून त्याची समजूत घालायला जाऊ नका. ती मीटरं सहसा डीबी(ए) या पट्टीने मोजतात, आणि ही पट्टी ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमीच धरते.